बंद म्हणजे बंद

कोकरे मॅडमना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या सर्किट बोर्डाचा वास घेत होत्या. डोळे मिटून, अढीतला आंबा हुंगावा तसा. दिलीपशेठच्या कारखान्यातला माझा तो पहिला दिवस. माल विकायला म्हणून मला ठेवलेलं, आणि जो माल विकायचा तो हुंगत बसलेली ही बाई! मी मनाशी म्हटलं, ढमढेरे, कुठं येऊन पडलास बाबा.

"राळ राहिलीय," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "सोल्डरिंग झाल्यावर नीट धुतलाच नाही कुणी. घ्या, तुम्ही बघा."

मी वास घेतला. ओ की ठो कळलं नाही, पण मान डोलावली.

"नाही कळलं तर नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मान डोलावणाऱ्याचं बोर्ड काही ऐकत नाही."

अशी आमची ओळख झाली. पुढं कितीतरी वर्षं आम्ही रोज भांडलो, आणि आज लिहायला बसलो तर ती भांडणंच आधी आठवतायत.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. शिरूरला मार्केट यार्डाच्या मागं पत्र्याची शेड होती, तिथं आम्ही शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर बनवायचो. विहीर ज्याच्या घरी आहे त्याला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. लोडशेडिंगमधे लाईट कधी येईल, कधी जाईल, त्याचा भरवसा नाही. तिची वाट बघत विहिरीवर किती बसायचं? म्हणून स्टार्टरच्या डब्यात एक बोर्ड असतो. लाईट आली की तो आपोआप मोटार चालू करतो. आणि आपण बटण 'बंद'वर केलं की लाईट येवो नाही तर जावो, त्यानं मोटार बंदच ठेवायची. एवढी दोनच कामं. पहिलं काम सांगून मी माल विकायचो. मॅडमचा जीव सगळा दुसऱ्या कामात.

"चालू कुणीपण करील हो," त्या म्हणायच्या. "बंद म्हणजे बंद, हे अवघड."

मूळच्या त्या दौंड तालुक्यातल्या, धनगराच्या घरच्या. वडील, म्हणजे आप्पा, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. पोरगी शाळेत हुशार निघाली तसं त्यांनी एका जागी बिऱ्हाड टाकलं. ती पुढं पॉलिटेक्निकला गेली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली. नवरा रेल्वेत. दौंडला क्वार्टर, आणि रोज एसटीनं शिरूरला येणं-जाणं. उंच, काटक बाई. सुती साडी आणि खाली कापडी बूट, असा अवतार. वर्कशॉपमधे चप्पल चालणार नाही हा नियम त्यांनीच केलेला, मग तो स्वतः मोडायचा कसा?

नियमांना तोटा नव्हता. बोर्डाच्या टेबलावर खायचं नाही. मिठाचा हात, घामाचा हात बोर्डाला लागता कामा नये. बोर्ड कायम कडेनं धरायचा. एखाद्या नव्या पोरीनं मधे बोट लावलं की खोलीच्या त्या टोकाकडून आवाज यायचा, "कडेनं! कडेनं धरा!" मी तर जेवण झालं की त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच बोलायचो. कोण ऐकून घेणार?

सुरुवातीला कॉम्प्युटर नव्हता. खाली ट्यूबलाईट लावलेलं काचेचं टेबल होतं. त्यावर पारदर्शक फिल्म अंथरून मॅडम काळ्या चिकटपट्टीच्या बारीक रेघा चिकटवायच्या. ज्या वाटेनं वीज जायची त्या वाटा. पुढं कॉम्प्युटर आला, तरी त्याच्यावर काढलेलं डिझाइन छापून परत काचेवर ठेवायच्या आणि पेन्सिलीचं टोक प्रत्येक वाटेवरून चालवायच्या. "वीज पाण्यासारखीच," म्हणायच्या. "ती तिच्या वाटेनं जाते त्याचं कौतुक नाही. बांध कुठं फुटेल ते बघायचं."

दोन रेघांमधे त्या भरपूर जागा सोडत. दिलीपशेठना ती बघवायची नाही. आमचे मालक माणूस दिलदार, पण वाया जाणाऱ्या गोष्टीवर त्यांचा भारी डोळा. एकदा बोर्डावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, एवढं रान पडीक कशाला? जरा जवळ घ्या की. बोर्ड लहान होईल."

"ते पडीक नाही शेठ, तो बांध आहे," मॅडम म्हणाल्या. "बांध कोरून रान वाढवणाऱ्याचं पुढं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं?"

शेठच्या भावकीत तेव्हा बांधावरूनच कोर्टात तारखा चालू होत्या. ते बाहेर गेले आणि चहा सांगितला.

नवीन डिझाइन झालं की माझी घाई सुरू. गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असायचा. मॅडम विचारायच्या, "सासरी कुठं जाऊन आलाय अजून?" हे त्यांचं खास. नवा बोर्ड विकायच्या आधी तो सासरी पाठवायचा, म्हणजे आसपासच्या वाईटातल्या वाईट जागी नेऊन बसवायचा आणि एक पावसाळा तिथं काढू द्यायचा. दोन सासरं ठरलेली. एक कुरकुंभला, एका औषधाच्या कंपनीच्या भिंतीला लागून असलेल्या पंपावर. तिथल्या हवेनं बायकांची पैंजणं काळी पडायची. दुसरं मांडवगण फराट्याला, नानांच्या विहिरीवर. तिथं स्टार्टरच्या डब्यात पाली, मुंग्या, गांधीलमाशा, सगळ्यांची वस्ती.

"माहेरी सगळ्याच लेकी गुणाच्या," मॅडम म्हणायच्या. "सासरी नांदून आली की मग बोला."

एकदा कुरकुंभचा बोर्ड काळाठिक्कर होऊन परत आला. आमची तोंडं उतरली. मॅडमनी मात्र दुसऱ्या दिवशी दौंडहून पेढे आणले!

"मेलेल्या बोर्डाचे पेढे?" मी म्हटलं.

"कसा मेला ते कळलं की नाही? बोर्ड मरणारच ढमढेरे, आज नाही तर उद्या. पण चालू मरायचा नाही. बंद मरायचा."

"गिऱ्हाइकाला काय सांगू? आमचा माल छान मरतो?"

"सांगा की. खरंच आहे ते."

आता सांगा, असा माल विकायचा कसा! पण गंमत अशी, की पुढं पुढं मी खरंच तसं सांगायला लागलो आणि म्हातारी शेतकरी माणसं ते पटकन समजायची.

लाल ठिपक्याचीही एक गंमत आहे. बोर्डावर एक बारीक स्क्रू असतो, तो एकदा जमवला की हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतात. मॅडम सगळं तपासून झाल्यावर स्वतःच्या हातानं तो थेंब टाकत. ठिपका असला की माल जाणार, नसला की नाही. त्यासाठी बाजारपेठेतल्या कासाराच्या दुकानातून लालभडक बाटल्या आणायच्या, त्याही पिशवीभर. एक दिवस कासारीणबाईंनी मला गाठलंच. म्हणाल्या, "तुमच्या मॅडम लई नटव्या दिसतात हो! पण नखं बघावी तर कोरीच." मी हसत हसत ते मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"आप्पा मेंढराच्या पाठीवर रंग लावायचे," म्हणाल्या. "रंग लागला की ते आमचं. मग लांडग्यानं नेलं तरी आमचंच गेलं, दुसऱ्याला बोल लावायचा नाही. ठिपका लावला की बोर्ड माझा."

हे त्या नुसतं बोलत नव्हत्या, ते मला कळलं नानांचा फोन आला तेव्हा. मांडवगणचे हे नाना मोठे बागायतदार, गावच्या उपसा सिंचन संस्थेचे अध्यक्ष. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते.

"ढमढेरे," पलीकडून नाना गरजले, "तुमची मोटार मान्सं खायला लागली! या हिकडं."

झालं होतं ते असं. नानांची मोटार विहिरीत, निम्म्यावरच्या ओट्यावर. पंपाला जोडणारी कपलिंग उघडीच. त्यांचा मुलगा बजरंग बटण 'बंद' करून खाली उतरला आणि कपलिंगला हात घालून काहीतरी आवळत होता. तेवढ्यात लाईट आली आणि मोटार फिरली. बटण बंद असताना! बाही अडकली, फाटली, म्हणून हात वाचला.

मी आणि मॅडम गेलो. मला वाटलं त्या आधी डबा उघडतील. त्यांनी आधी बजरंगचा हात बघायला मागितला. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालेलं. बराच वेळ त्या नुसत्या तो हात बघत राहिल्या. मग डबा उघडला.

आत बोर्डावर हळद-कुंकू. वर झेंडूची पाकळी चिकटलेली, आणि मधल्या बांधावर वाळलेल्या पाण्याचे डाग. कोपऱ्यात मॅडमचा लाल ठिपका.

"नाना, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा. हत्यारं पुजत्यात तवा. नारळ फोडला, पानी शिंपडलं."

"डब्याच्या आत?"

"मंग? काम त्यो हिरवा पत्रा करतो, का डबा? देवाला काय भाइरनंच हात जोडायचा व्हय?"

नारळाचं पाणी खारट, त्यात कुंकू कालवलेलं. हवा दमट झाली की त्या डागातून वीज पाझरते आणि बोर्डाला वाटतं, मालकानं 'चालू' म्हटलं. परत येताना एसटीत मी म्हटलं, "पत्रक काढू. डब्याच्या आत पूजा करू नये."

"तुम्ही काय काय करू नये म्हणाल?" मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "खाली उतरताना मेन स्विच काढा, हे आपण डब्यावर छापलंय. काढतं का कुणी? माणसं बदलायला निघालात तर जन्म जाईल. बोर्ड बदलू. पूजा त्यानं सोसली पाहिजे." मग जरा थांबून, हळू, "ठिपका माझाच होता हो."

बोर्डांना धुऊन वरून वार्निश चढवायचं, म्हणजे कुंकवाचा बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांशी संबंधच येणार नाही, असा पहिला उपाय त्यांनी काढला. नानांचा तेवढ्यावर विश्वास बसला. पुढच्या वर्षी संस्थेच्या सगळ्या सभासदांसाठी स्टार्टर घ्यायचं त्यांनी ठरवलं. एवढी मोठी ऑर्डर आमच्या शेडनं कधी बघितली नव्हती. धंदा तेव्हा पार बसलेला. ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप लागणार, हे झाडूवालीलाही ठाऊक होतं.

आणि नेमकी आली खंडेनवमी. मॅडम दसऱ्याच्या सुट्टीला दौंडला. टेबलांवर तयार बोर्डांच्या रांगा, वार्निश तेवढं बाकी. आमच्या कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची तशी झाली. शेठच्या आईंनी मनोभावे सगळ्या बोर्डांवर हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. म्हातारीच्या मनात लेकराच्या धंद्याला बरकत यावी, एवढंच. नंतर शेठनी फडक्यानं बोर्ड पुसून घेतले आणि घाई म्हणून वार्निशही मारून टाकलं.

मॅडम आल्या, एक बोर्ड कडेनं उचलून उजेडाकडं धरला. वार्निशखाली गुलाबी कण दिसत होते.

"चोर आत कोंडला," त्या म्हणाल्या, "आणि बाहेरनं कडी लावलीत."

"सगळे चालू आहेत मॅडम," शेठ म्हणाले. "मीटर लावून बघा."

मॅडमनी मीटर लावला नाही. त्यातले चार-पाच बोर्ड डब्यांत बसवले, डब्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, खाली गरम पाण्याची पातेली ठेवली आणि बटणं 'बंद'वर केली. कुणाचं कामात लक्ष लागेना. दुपार कलली तसा एका डब्यातून आवाज आला, टक्. बंद असलेला बोर्ड आपण होऊन चालू झाला होता.

"हा एक बाजूला काढू," शेठ कसंबसं म्हणाले. "बाकीचे जाऊ द्या. मॅडम, माल नाही गेला तर कारखाना गेला."

"मी ठिपका लावणार नाही."

शेठनी टेबलावरची नेलपॉलिशची बाटली उचलली. चेहरा लाल झालेला. "ही बाजारात मिळते मॅडम! मीपण लावू शकतो."

"लावा ना," मॅडम म्हणाल्या. "मग बजरंगच्या विहिरीत तुम्हीच उतरा."

शेठ बराच वेळ बाटली हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली. त्या माणसाचं मला आजही त्याबद्दल कौतुक वाटतं.

नानांना सांगायला आम्ही तिघंही गेलो. ऐकून नाना भडकलेच. "पूजेनं बिघडतंय म्हंता? मंग खोटं कोन? आमचा देव का तुमचा बोर्ड?"

मी शेठकडं बघितलं, शेठनी माझ्याकडं. मॅडमना विचार करावा लागला नाही.

"बोर्ड खोटा, नाना," त्या म्हणाल्या. "देव खरा, तुमची पूजाबी खरी. बोर्डच खोटा. मला एक पावसाळा द्या. पुढच्या खंडेनवमीला तुमच्या हातानं पूजा करा, नारळाच्या पाण्यासकट. बजरंगचा हात जिथं होता तिथं माझा हात असंल."

बजरंग दारात उभा होता, त्याच्या हाताकडं नानांनी एकवार बघितलं. "बघू," म्हणाले. ऑर्डर मोडली नाही, पण माल पुढच्या वर्षी, तोही मॅडम हात घालतील तेव्हाच.

ते वर्ष आम्ही जुने स्टार्टर दुरुस्त करून कसंबसं ढकललं. मॅडमनी डिझाइन मुळापासून बदललं. बांध रुंद केले, जिथं धोका जास्त तिथं बोर्डाला आरपार खाचा पाडल्या, म्हणजे डाग पडायला जागाच नको. बोर्ड डब्यात पालथा बसवला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आतलं गणितच उलटं केलं. आधी वीज पाझरली की बोर्डाला ती 'चालू' वाटायची. आता पाझरली की त्याला 'बंद' वाटणार. पावसाळाभर तो कुरकुंभला नांदून आला. त्याच सुमाराला मॅडमच्या यजमानांची बदली झाली, लांब, सोलापूरच्याही पुढं. दसऱ्यानंतर त्या जाणार होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि मी ते भांडणाच्या सुरातच सांगितलं.

खंडेनवमीला आम्ही नानांच्या विहिरीवर जमलो. लाईट गेलेली. नानांनी डबा उघडला आणि यथासांग पूजा केली. नारळ फोडला आणि सगळं पाणी आत ओतलं.

"नाना, जरा बेतानं!" मी ओरडलो.

"देवाला बेतानं असतंय व्हय?" नाना म्हणाले.

मॅडमनी बटण 'बंद' केलं. मेन स्विच तसाच ठेवला. माणसं ठेवतात तसाच. पदर खोचून विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागल्या, तसा बजरंग पुढं झाला. "मॅडम, ऱ्हाऊ द्या. मी धरतो."

"तुझी पाळी झाली," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. ओट्यावर बसून त्यांनी उजवा हात कपलिंगवर ठेवला.

आम्ही थांबलो. मी तर वरून सारखा त्यांच्या हाताकडं बघत होतो, डोळे मिटायचीही भीती वाटत होती. मग एकाएकी लाईट आली. शेजारच्या विहिरीवरची मोटार गुरगुरली, तिच्या पलीकडची, मग ओढ्याकाठची. सगळ्या शिवारातल्या मोटारी चालू झाल्या. नानांची विहीर तेवढी गप्प. मॅडमचा हात होता तिथंच.

"झालं मॅडम, काढा हात!" मी ओरडलो.

हात काढून त्या पायऱ्यांपर्यंत आल्या आणि खालूनच म्हणाल्या, "आता चालू करून बघा, नाना."

नानांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. बोर्ड गेला होता. शेठ मटकन बांधावर बसले.

"मेला का?" खालून आवाज आला.

"मेला मॅडम," मी म्हटलं.

"बंद मेला ना?"

आणि त्या हसायला लागल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी कधीच बघितलं नव्हतं. विहिरीतून ते हसू दुप्पट होऊन वर येत होतं. नाना बजरंगकडं बघत होते. त्यांनी शेठना हाताला धरून उठवलं. "माल पाठवा," म्हणाले. "समद्यांचा."

मग त्यांनी घराकडं तोंड करून आपल्या मंडळींना, काकूंना, हाक मारली. मॅडम वर आल्या तेव्हा काकू पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"आज हत्याराची पूजा असती," नाना म्हणाले. "तो हात पुढं करा, मॅडम."

मॅडमनी हात पुढं केला. काकूंनी त्या उजव्या हातावर, मनगटापासून बोटांपर्यंत, हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. बजरंग वाकून त्यांच्या पाया पडला.

मॅडमच्या पिशवीत दुसरा बोर्ड होता, ठिपका लावलेला. मी तो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी कुंकवाचा हात पटकन मागं घेतला.

"मला आता बोर्डाला हात लावता येणार नाही, ढमढेरे. तुम्हीच बसवा."

मी मेन स्विच काढला आणि बोर्ड घेऊन डब्यापुढं वाकलो. मॅडम माझ्यामागं उभ्या, तो माखलेला हात अंगापासून लांब धरून, डोळे भरलेले.

"कडेनं," म्हणाल्या. "कडेनं धरा."